४८ सेंटिमीटरचं गॅरेज आणि छतातून पडणारा लाल ठिपका

नाशिकमधल्या पाथर्डी फाट्याच्या आमच्या रो-हाऊसचं गॅरेज आतून १६ फूट लांब आणि साडेनऊ फूट रुंद आहे. मीटरमध्ये सांगायचं तर ४.८८ बाय २.९०. घर घेतलं तेव्हा आमच्याकडे वॅगन-आर होती, ३.६ मीटरच्या आसपासची. तिला हे गॅरेज ऐसपैस होतं. मग एका दसऱ्याला अर्टिगा आणली. तिची लांबी ४.३९५ मीटर. आता पुढची भिंत आणि मागचं शटर यांच्यात मिळून ४८ सेंटिमीटर उरतात. त्यातले पुढे किती आणि मागे किती सोडायचे, हे ड्रायव्हरच्या सीटवरून कळायला मार्ग नाही. पुढचा बंपर दिसत नाही, आणि मागचे सेन्सर रिव्हर्स गिअर टाकल्याशिवाय बोलत नाहीत.

पहिल्याच आठवड्यात शटरची खालची पट्टी बंपरवर टेकली. पुढच्या आठवड्यात पुढच्या भिंतीवरचा नळ नंबरप्लेटला लागून वाकला. दोन्ही वेळा गाडी हिनेच लावली होती, आणि दोन्ही वेळा तिचा काहीच दोष नव्हता. तिला दिसायला हवं ते दिसतच नव्हतं. त्यानंतर ती गाडी गल्लीतच उभी करायला लागली. चांगली गाडी चालवणारं माणूस स्वतःच्या घरात गाडी आणायला कचरतंय, हे मला सहन झालं नाही. अंबडच्या एका कारखान्यात मी २२ वर्षं टूलरूममध्ये काढली. वस्तू दर वेळी त्याच जागी, त्याच कोनात कशी बसेल, हेच तिथलं रोजचं काम. तीच विद्या इथे लावली. छताला एक छोटं लेझर, डॅशबोर्डवर एक खूण, भिंतीवर एक पट्टी. गेली दीड वर्षं हे रोज वापरात आहे.

खाली सगळं क्रमाने लिहितो. ज्यांचं गॅरेज प्रशस्त आहे त्यांना याची गरज नाही. पण इंदिरानगर, राणेनगर, सिडको या भागांत कितीतरी रो-हाऊस अशी आहेत, की गॅरेज लहान गाड्यांच्या काळात बांधलं आणि गाड्या त्यानंतर मोठ्या झाल्या.

ठिपका काय सांगतो आणि काय सांगत नाही

कल्पना साधी आहे. छतावरून लेझरचा किरण सरळ खाली पडतो. गाडी आत येते तसा ठिपका आधी बॉनेटवर, मग काचेच्या तळाशी आणि मग डॅशबोर्डवर येतो. डॅशबोर्डवर आधीच केलेल्या खुणेवर तो आला की ब्रेक.

दोरीला टेनिस बॉल टांगायची जुनी पद्धत याच जातीची आहे आणि ती वाईट नाही. पण बॉल लांबून काचेला टेकलाय की टेकायचाय, हे नीट कळत नाही, आणि गॅरेजमध्ये ये-जा करताना तो डोक्याला लागत राहतो. भिंतीवर खूण करून ‘बॉनेटची कड या रेषेला आली की थांब’ असंही काही जण करतात. त्यात मोठी अडचण अशी, की सीट वर-खाली केली किंवा दुसरं माणूस बसलं की तीच कड वेगळ्या ठिकाणी दिसते. माझी उंची पाच फूट दहा, हिची पाच फूट एक. माझ्यासाठी बरोबर असलेली खूण तिच्यासाठी चुकीची ठरते. लेझरचा ठिपका मात्र डॅशबोर्डच्याच पृष्ठभागावर पडतो. कोणीही बसलं, कुठूनही पाहिलं, तरी तो आहे तिथेच दिसतो. लेझरची खरी किंमत यातच आहे.

आता त्याची उणी बाजू. ती समजून घेतली नाही तर सगळी खटपट वाया जाते.

बाजूच्या गल्लीतल्या काकूंनी माझं पाहून तयार लेझर आणलं, मुलाकडून लावून घेतलं. चौथ्या दिवशी मला हाक आली. ‘भाऊ, ठिपका बरोब्बर खुणेवर आहे, मग मागचं दार अर्धंच का उघडतंय? पिशव्या निघेनात.’ मी जाऊन टेपने मोजलं. उजवं पुढचं चाक भिंतीपासून ७० सेंटिमीटर, उजवं मागचं ४९. गाडी जवळपास ५ अंशांनी तिरकी उभी होती, आणि ठिपका तरीही खुणेवर होता.

सपाट जमिनीवर उभ्या गाडीच्या तीन गोष्टी ठरवायच्या असतात: पुढे-मागे किती, डावी-उजवीकडे किती, आणि तोंड कुठे. एक ठिपका पहिल्या दोन ठरवतो. तिसरी मोकळीच राहते. खिळ्यावर टांगलेलं कॅलेंडर खिळ्यावरून हलत नाही, पण खिळ्याभोवती फिरतं, तसंच. डॅशबोर्डपासून मागचा बंपर तीन मीटर लांब असेल, तर ५ अंशांच्या तिरकेपणात गाडीची शेपटी २६ सेंटिमीटर सरकते. टूलरूममध्ये फिक्श्चरला, म्हणजे वस्तू जागेवर धरणाऱ्या साच्याला, एक पिन कधीच पुरत नाही, दुसरी लागतेच. म्हणून ठिपक्याच्या जोडीला दुसरी खूण हवी. ती समोरच्या भिंतीवर येते, आणि तिला फक्त रेडियम टेप लागते.

लेझर कोणतं घ्यायचं

बाजारात दोन प्रकार मिळतात. एक तयार: प्लॅस्टिकच्या डबीत एक किंवा दोन फिरणारी लेझर, सोबत हालचाल ओळखणारा सेन्सर, चालतं ॲडॅप्टरवर किंवा सेलवर. दुसरा म्हणजे सुटे भाग आणून स्वतः जोडायचं.

काहीही घ्या, तीन गोष्टी बघा. पहिली, ताकद. डबीवर क्लास २ लिहिलेलं असावं. दिसणाऱ्या प्रकाशात क्लास २ म्हणजे १ मिलिवॅटपर्यंत. चुकून डोळ्यात गेलाच तर पाव सेकंदात पापणी मिटते आणि तेवढ्यात इजा होत नाही, या हिशोबाने ती मर्यादा ठरली आहे. सुट्या मॉड्यूलवर सर्रास ५ मिलिवॅट छापलेलं असतं. घरात लहान मुलं असतील तर ते घेऊ नका.

दुसरी, रंग. हिरवं लेझर जास्त ठळक दिसतं, कारण माणसाचा डोळा हिरव्याला जास्त संवेदनशील आहे. तेवढ्याच ताकदीचं ५३२ नॅनोमीटरचं हिरवं लेझर ६५० नॅनोमीटरच्या लालपेक्षा साधारण आठपट उजळ दिसतं. तरी मी लालच सुचवतो. स्वस्त हिरव्या लेझरमधून न दिसणारा अवरक्त प्रकाशही गळू शकतो आणि डोळ्याला त्याची चाहूल लागत नाही. लालमध्येही निवड असेल तर ६३५ नॅनोमीटरचं घ्या. ते ६५०पेक्षा दुप्पट उजळ दिसतं.

तिसरी, धरणारा सांधा. तयार डब्यांत लेझर गोळीसारख्या सांध्यात फिरतं. दुकानातच बोटाने फिरवून बघा. सैल असेल तर परत ठेवा. छत १० फुटांवर आणि डॅशबोर्ड जमिनीपासून मीटरभर वर धरला, तर किरणाचा प्रवास दोन मीटरचा होतो. सांधा फक्त एका अंशाने ढळला तरी ठिपका साडेतीन सेंटिमीटर सरकतो. शटर रोज खडखडत वर-खाली होतं, त्या हादऱ्यांनी सैल सांधा महिन्याभरात ढळतोच.

आधी गाडी जागेवर, मग छताला हात

घाई करणारे आधी छताला भोक पाडतात आणि मग गाडी कुठे येते ते बघतात. उलट करा.

रविवारची सकाळ, दोन माणसं, मोजपट्टी, खडू. गॅरेजमधले डबे, सायकल, जुनी कुंडी, सगळं बाहेर काढा. नाहीतर कुंडीला सांभाळून लावलेली जागा कायमची होऊन बसते. मग अंतरं ठरवा. आमच्याकडे ४८ सेंटिमीटरपैकी पुढे २८ आणि मागे २० ठेवले. शटरची पट्टी खाली येताना थोडी झुलते, म्हणून मागे १५च्या खाली जाऊ नका. रुंदीत अर्टिगा १.७३५ मीटर, म्हणजे १ मीटर १६ सेंटिमीटर मोकळे. ते दोन्हीकडे सारखे वाटू नका. डावीकडे ३० ठेवले आणि उजवीकडे ८६, कारण आत आल्यावर दार फक्त ड्रायव्हरला उघडायचं असतं. बाकीची मंडळी बाहेरच उतरतात. घरात गुडघेदुखीचं माणूस असेल आणि त्याला आतच उतरावं लागत असेल, तर हा हिशोब त्याच्या बाजूने करा.

आता गाडी आत घ्या आणि दुसऱ्या माणसाच्या सांगण्यावरून या मापांवर आणा. पाच-सहा वेळा पुढे-मागे करावं लागेल, कंटाळू नका. सरळपणा तपासायला डाव्या भिंतीपासून पुढच्या डाव्या चाकाचं आणि मागच्या डाव्या चाकाचं अंतर मोजा. मोजपट्टी दोन्ही ठिकाणी चाकाच्या मध्याच्या उंचीवर आडवी धरा. दोन अंतरांत एक सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक नको. पुढची चाकं सरळ असताना मोजा, वळलेल्या चाकाचं माप फसवतं. जमलं की हँडब्रेक ओढा, इंजिन बंद करा आणि चारही चाकांभोवती खडूने रेघा मारा. गाडी आता दिवसभर तिथेच राहणार आहे.

खूण कुठे करायची

डॅशबोर्डवर ठिपका कुठे पाडायचा, हे सीटवर बसून ठरवा. मीटरच्या (म्हणजे वेग दाखवणाऱ्या स्पीडोमीटरच्या) थोडं डावीकडे, डॅशबोर्डच्या खोलीच्या मध्यावर. काचेच्या अगदी तळाशी नको, आणि अगदी आपल्या बाजूच्या कडेलाही नको. समोर बघता बघता नजरेच्या खालच्या भागात तो दिसला पाहिजे, मान वळवावी लागता कामा नये. डाव्या बाजूला पॅसेंजरच्या एअरबॅगचं झाकण असतं, त्यावर काहीही चिकटवू नका.

वरून येणारा किरण काचेतून जाणार आहे. त्या वाटेत फास्टॅगचा स्टिकर, आरशाचा दांडा किंवा काचेवरची काळी किनार येत नाही ना, ते बघून घ्या.

आणि आपल्याकडे डॅशबोर्डवर गणपती असतोच. पितळी किंवा चकचकीत मूर्ती, अत्तराची बाटली, मोबाईलचा स्टँड, एसीच्या जाळीची क्रोमची कड यांच्यावर किरण पडला तर तो उसळून कुठेही जातो, कदाचित थेट तुमच्या डोळ्यात. ठिपक्याची जागा या सगळ्यांपासून वीतभर लांब ठेवा.

खुणेसाठी आम्ही आधी टिकली लावली होती. लाल टिकलीवर लाल ठिपका उठून दिसेना, आणि एप्रिलच्या उन्हात तिचा गोंद सुटला. मग रंगारी वापरतात तो पांढरा पेपर टेप, रुपयाच्या नाण्याएवढा गोल कापून लावला. त्याचा पृष्ठभाग खरबरीत असल्याने ठिपका झगमगत नाही, स्वच्छ दिसतो. दर दोन-तीन महिन्यांनी बदलतो.

छताला बसवताना ओळंबा

गाडी जागेवर असतानाच शिडीवर चढा, लेझर चालू करून छताला हाताने धरा आणि ठिपका खुणेवर येईपर्यंत सरकवा. खाली गाडीत बसलेला माणूस फक्त ‘थोडं शटरकडे’, ‘थोडं भिंतीकडे’ एवढंच सांगेल. लेझर तिरकं करून ठिपका खुणेवर आणायचा मोह होतो, तो टाळा. लेझरच सरकवा आणि किरण सरळ खाली राहू द्या. जागा सापडली की दुहेरी टेपने तात्पुरतं चिकटवा.

आता चाकांच्या रेघा तशाच ठेवून गाडी बाहेर काढा आणि गवंड्याचा ओळंबा आणा. ओळंब्याची दोरी लेझरच्या तोंडाशी धरून लोळक जमिनीपासून बोटभर वर सोडा. ते स्थिर झालं की जमिनीवरचा लाल ठिपका लोळकाच्या टोकाशी आला पाहिजे. सेंटिमीटरभर इकडे-तिकडे चालेल. पाच सेंटिमीटर लांब असेल तर किरण तिरका आहे. किरण सरळ करा, लेझरची जागा थोडी हलवा, गाडी पुन्हा आत रेघांवर घ्या, पुन्हा बघा.

एवढा हट्ट कशासाठी? किरण ३० अंश तिरका असेल आणि मागे चार माणसं व सामान असल्याने गाडी ५ सेंटिमीटर खाली बसली, तर ठिपका जवळपास ३ सेंटिमीटर सरकतो. किरण ओळंब्यात असेल तर गाडी कितीही वर-खाली होवो, ठिपका हलत नाही. याचा आणखी एक फायदा आहे. जावयांची गाडी आली, किंवा पुढे तुम्ही गाडी बदलली, तर छताला पुन्हा हात लावावा लागत नाही. ती गाडी एकदा मापाने नीट उभी करा आणि तिच्या डॅशबोर्डवर ठिपका जिथे पडेल तिथे पेपर टेप लावा. त्या गाडीची खूण तीच. फक्त उभ्या काचेच्या, उथळ डॅशबोर्डच्या गाडीत ठिपका बॉनेटवर किंवा टपावर पडू शकतो. तसं झालं तर ती गाडी आपण बाहेरच लावतो.

जागा पक्की झाली की पेन्सिलने आखून घ्या. स्लॅबला हॅमर ड्रिलने ६ मिलिमीटरचं भोक, त्यात गिट्टी, मग स्क्रू. भोक दीड इंचापेक्षा खोल नको. स्लॅबमधून वायरिंगचे पाइप गेलेले असतात. दिव्याच्या पॉइंटपासून स्विचबोर्डकडे जाणाऱ्या सरळ रेषेत ड्रिल लावू नका. ड्रिल सळईवर थडकलं तर जोर करू नका, भोक दोन इंच बाजूला घ्या आणि तेवढी भरपाई पत्र्याच्या पट्टीने करा. पावसाळ्यात स्लॅबला ओल येत असेल तर आधी तिचा बंदोबस्त करा. ओल्या स्लॅबखाली विजेची कोणतीच वस्तू टिकत नाही.

वायरिंग

तयार डबी असेल तर ॲडॅप्टरसाठी जवळ एक सॉकेट हवं. नसेल तर वायरमन बोलवा, २३० व्होल्टच्या कामात स्वतः हात घालू नका.

सुटे भाग जोडणाऱ्यांसाठी माझी जोडणी सांगतो. एम. जी. रोडच्या बाजूला इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत हे सामान मिळतं. जुना ५ व्होल्टचा मोबाईल चार्जर, एचसी-एसआर५०१ नावाचा पीआयआर (हालचाल ओळखणारा) सेन्सर, बीसी५४७ ट्रान्झिस्टर, एक किलोओहमचा रेझिस्टर आणि लेझर मॉड्यूल. सेन्सरच्या आउटपुटमधून फक्त ३.३ व्होल्टचा इशारा मिळतो. लेझर थेट त्यावर चालवू नका. तो इशारा रेझिस्टरमधून ट्रान्झिस्टरच्या बेसला द्या, एमिटर निगेटिव्हला, लेझरची निगेटिव्ह वायर कलेक्टरला आणि पॉझिटिव्ह सरळ ५ व्होल्टला. सेन्सरवर दोन छोटे पेच असतात, एक अंतराचा आणि एक वेळेचा. वेळ साधारण एक मिनिट ठेवा. आत शिरून जागेवर यायला हिला ३५ ते ४० सेकंद लागतात. त्यापेक्षा कमी ठेवलात तर ऐन वेळी ठिपका विझतो आणि माणूस गांगरतं. एक जम्पर असतो, तो अशा बाजूला ठेवा की हालचाल चालू असेपर्यंत वेळ पुन्हा पुन्हा मोजला जाईल.

पीआयआर सेन्सर उष्णतेतली हालचाल ओळखतो. गाडी चालून आलेली असल्याने बॉनेट तापलेलं असतं, त्यामुळे गाडी त्याला झटकन कळते. पण रस्त्याने जाणारी माणसं, मांजर, दुपारच्या झळा यांनीही तो जागा होतो. त्याच्या पांढऱ्या भिंगाचा रस्त्याकडचा अर्धा भाग काळ्या टेपने झाका, म्हणजे तो फक्त गॅरेजच्या आत बघेल. आणि लाइट जाऊन परत आली की या सेन्सरला स्थिर व्हायला मिनिटभर लागतं. तेवढ्या वेळात तो उगाचच चालू-बंद होतो. तो बिघडला असं समजू नका.

भिंतीवरची पट्टी

गाडी रेघांवर असताना ड्रायव्हरच्या सीटवर बसा, पाठ टेकवा, समोर बघा. दुसऱ्या माणसाला समोरच्या भिंतीशी उभा करून रेडियम टेपची उभी पट्टी धरायला सांगा. मीटरच्या वरच्या कडेच्या बरोबर मधोमध ती दिसेपर्यंत त्याला डावी-उजवीकडे सरकायला सांगा. तिथे चिकटवा, जमिनीपासून तीन फुटांवरून सहा फुटांपर्यंत. पार्किंग लाइटमध्येही ती चमकते. पट्टी उभी असल्याने उंच माणसाला आणि बुटक्या माणसाला ती सारख्याच जागी दिसते.

आता काकूंच्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. गाडी ५ अंश तिरकी असेल, तर भिंत अडीच मीटरवर असताना पट्टी मीटरच्या मध्यापासून वीतभर बाजूला दिसते. हे नजरेतून सुटत नाही. ठिपका खुणेवर आणि पट्टी मीटरच्या मध्यावर, दोन्ही जमलं तरच गाडी बसली. काकूंच्याकडे दुसऱ्याच दिवशी पट्टी लावली. पिशव्या आता निघतात.

एक गैरसमज मलाही होता. मला वाटायचं, ठिपका बॉनेटवरून सरळ रेषेत सरकतोय म्हणजे गाडी सरळ येतेय. तसं नाही. तिरकी गाडीसुद्धा स्टेअरिंग सरळ ठेवून आली की ठिपका तिच्या अंगावर सरळच सरकतो. तोंड कुठे आहे, हे फक्त भिंतीवरची पट्टीच सांगते.

पट्टी बघायची ती शटरच्या बाहेर असतानाच. आपल्या कॉलन्यांतले आतले रस्ते अरुंद असतात, त्यामुळे लोक वळता वळताच गॅरेजमध्ये शिरतात आणि आत गेल्यावर सरळ करू बघतात. आत तेवढी जागा नसते. समोरच्या कंपाउंडच्या जवळून वळण घ्या, नाक शटरच्या चौकटीत शिरण्याआधी पट्टी मध्यावर आणा, स्टेअरिंग सरळ करा. नाही जमलं तर बाहेरच एकदा मागे घ्या. मग पहिला गिअर, हाफ क्लच, आणि ठिपक्याची वाट बघा.

लाइट गेली तर, ऊन आलं तर

लेझर विजेवर चालतं, आणि नाशिकच्या पहिल्या वादळी पावसात लाइट जाते. शिवाय पश्चिमेकडे तोंड असलेल्या गॅरेजमध्ये संध्याकाळी चारनंतर ऊन थेट डॅशबोर्डवर येतं, तेव्हा लाल ठिपका दिसतच नाही. म्हणून चाकासाठी जमिनीवर पट्टी ठेवाच. गाडी रेघांवर असताना दोन्ही पुढच्या चाकांच्या समोर, चाकापासून बोटभर पुढे, इंचभर जाडीची रबरी किंवा लाकडी पट्टी चिकटवा. चाक तिला लागलं की गाडीत बसून कळतं. उंच स्टॉपर मला पसंत नाहीत. म्हातारी माणसं त्यांना अडखळतात, आणि गाडी धुतल्यावर पाणी अडून राहतं. दोन चाकांपुरत्या दोन तुटक पट्ट्या लावा, मधून पाणी जाऊ द्या.

पावसात भिजलेल्या काचेवर ठिपका थेंबांत फुटून चार-पाच ठिकाणी दिसतो. शटरच्या आत आल्यावर वायपरचा एक हात मारला की पुन्हा एक होतो.

डोळ्यांची काळजी

सगळ्यात जास्त जपायचं ते इथे. लेझर छतावरून खाली बघतं. मूल गॅरेजमध्ये शिरलं, सेन्सर जागा झाला, लाल दिवा कुठून येतोय म्हणून त्याने वर पाहिलं, तर किरण थेट डोळ्यात. म्हणून क्लास २चा आग्रह. त्याशिवाय लेझरला एक वेगळा स्विच द्या, मुलांचा हात पोचणार नाही इतक्या उंचीवर. नातवंडं सुट्टीला आली की आम्ही तो बंदच ठेवतो आणि गाडी लावायच्या वेळी चालू करतो. शटर मोटरचं असेल तर वायरमनकडून लिमिट स्विच बसवून घ्या, म्हणजे शटर वर असेपर्यंतच लेझरला वीज मिळेल.

किरणाचा थोडा भाग काचेवरून परततो. काच मागे झुकलेली असते, त्यामुळे तो पुढे आणि वर, समोरच्या भिंतीकडे जातो. अंधारात नीट पाहिलंत तर भिंतीवर डोक्याच्या वर एक फिकट ठिपका दिसेल. तिथे आरसा किंवा स्टीलचं कपाट ठेवू नका. आणि गाडी आत येत असताना पुढच्या भिंतीशी कुणीही उभं राहायचं नाही. हा नियम लेझर नसतानाही पाळायचा असतो.

दहा वेळा लावून बघा

सगळं झाल्यावर गाडी दहा वेळा बाहेर काढून आत लावा. दर वेळी पुढचं अंतर आणि दोन्ही डाव्या चाकांची अंतरं वहीत लिहा. घरातल्या प्रत्येक चालकाने हे करावं. आमच्याकडे माझी पुढची अंतरं २६ ते ३० सेंटिमीटरमध्ये आली आणि हिची २७ ते २९. म्हणजे तिचा हात माझ्यापेक्षा स्थिर होता. एखाद्याची अंतरं फार पसरली तर बहुतेक वेळा तो ठिपका खुणेवर आल्यावर क्लच दाबतो. खुणेच्या आधी चार बोटं असतानाच क्लच दाबून गाडी सरपटत येऊ द्यायची.

रिव्हर्स लावणाऱ्यांनी काय करावं, हे मला बऱ्याच जणांनी विचारलं. १ जुलै २०१९पासून आपल्याकडे नव्या कारना मागचे सेन्सर सक्तीचे आहेत, आणि ते काम चांगलं करतात. पण आमच्यासारख्या गॅरेजमध्ये शेवटचा अर्धा मीटर ते सलग वाजतच राहतात, त्यातून २० आणि ३० सेंटिमीटरमधला फरक कळत नाही. तिथेही हीच युक्ती चालते: उलट्या उभ्या गाडीच्या डॅशबोर्डच्या वर छताला लेझर आणि डॅशबोर्डवर खूण. पट्टी मात्र समोरच्या भिंतीऐवजी मागच्या काचेतून दिसेल अशी लावायची. सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये छत सगळ्यांचं असतं, तेव्हा भोक पाडण्याआधी कमिटीची लेखी परवानगी घ्या आणि किरण शेजारच्या गाडीवर पडत नाही ना, ते बघा. उघड्या स्टिल्टमध्ये दिवसा ठिपका फिका पडतो. तिथे मी लेझरपेक्षा चाकाच्या पट्ट्या आणि खांबांना फोमच सुचवेन.

एक शेवटचं काम राहिलं. गाडी बाहेर असताना ठिपका जमिनीवर जिथे पडतो तिथे ऑइलपेंटने छोटी फुली काढून ठेवा. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला गाडी काढल्यावर एक नजर टाका. ठिपका फुलीवर असेल तर सांधा जागेवर आहे. ढळला असेल तर फुलीवर आणा आणि सांध्याला एम-सीलचा बोटभर गोळा दाबून रात्रभर सुकू द्या. लेझरच्या तोंडावर कोळिष्टक धरतं, विशेषतः दिवाळीच्या आसपास. ते कोरड्या कापसाने टिपून घ्या, पण स्विच बंद करून.